सातवा आठवडा मोकळा

खानापूर तालुक्यातल्या मराठी घराला तीन राज्यांच्या सुट्ट्या तोंडपाठ असाव्या लागतात. आमच्या नंदगडच्या शाळा कर्नाटकच्या. त्यांना उन्हाळ्याची सुट्टी साधारण 11 एप्रिलपासून 28 मेपर्यंत, ऑक्टोबरात दसऱ्याची दोन-अडीच आठवडे आणि दिवाळीला मोजून दोन-तीन दिवस. पुण्या-कोल्हापूरच्या भाचरांचं उलटं. त्यांना दसऱ्याचा एक दिवस, दिवाळीची मोठी सुट्टी आणि उन्हाळ्याची मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत. गोव्यात दिलेल्या नणंदेच्या मुलांना चतुर्थीला चांगली आठवडाभर मोकळीक मिळते, जेव्हा इथली मुलं दुसऱ्या दिवशी दप्तर पाठीला लावून निघालेली असतात. सगळ्यांची बेरीज-वजाबाकी केली तर चुलत-मामे भावंडं एका छपराखाली येऊ शकतील असे दिवस उरतात ते मे महिन्यातले जेमतेम चार आठवडे.

ज्यांची मुलं घरीच शिकतात त्यांना वाटतं, आपल्याला काय, आपण कधीही सुट्टी घेऊ शकतो. खरं आहे. पण सुट्टी ही एकट्याने घ्यायची गोष्ट नसते. समोरच्या घरातला पोरगा मोकळा नसेल तर आपल्या पोराची सुट्टी म्हणजे नुसतं दारात उभं राहणं.

आमच्या घरी दोन मुलं घरशाळेत आहेत, मोठा अकरा वर्षांचा आणि धाकटी आठ. का, ते या सदरात पूर्वी लिहून झालं आहे, ते परत उगाळत नाही. मे महिना आला की मला एकच गोष्ट विचारली जाते: तुम्ही बारा महिने अभ्यास घेता म्हणे, मग मुलांना सुट्टी कधी? विचारणाऱ्यांत बेंगळुरूला आयटीत असलेली जोडपी असतात, अमेरिकेत स्थायिक झालेली चुलत दिराची सून असते आणि आमच्याच गल्लीतल्या काकूही असतात. म्हणून या वेळी येत्या वर्षाचं आमचं वेळापत्रकच तुमच्यापुढे मांडते. जून 2026 ते मे 2027.

बारमाही शाळेची कल्पना घरशाळावाल्यांकडे अमेरिकेतून आली. तिथल्या मिसुरी राज्यात 1969 साली एका शाळेने 45-15 नावाची पद्धत सुरू केली. पंचेचाळीस दिवस शाळा, पंधरा दिवस सुट्टी, असं वर्षभर. मुळात अडचण जागेची होती. मुलं वाढली, इमारत तेवढीच, म्हणून मुलांचे चार गट करून एक गट कायम सुट्टीवर ठेवायचा. पुढे लोकांना त्यात अभ्यासाचाही फायदा दिसू लागला. घरी शिकवणाऱ्या कुटुंबांनी तिचं सुटसुटीत रूप उचललं: सहा आठवडे अभ्यास, सातवा मोकळा.

फायदा आहे का? लांब सुट्टीत मुलं विसरतात हे खरं. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी 1996 साली अशा 39 अभ्यासांचा आढावा घेतला. उन्हाळ्याच्या सुट्टीत सरासरी महिनाभराच्या शिक्षणाएवढं मागे पडायला होतं आणि सगळ्यांत जास्त फटका गणिताला बसतो, असं त्यातून दिसलं. पण सुट्ट्या वर्षभर वाटून दिल्या की मुलं एकदम हुशार होतात असं मात्र पुढच्या पाहण्यांतून निघालं नाही. फरक दिसला तो थोडाच. म्हणून कुणी हे वेळापत्रक गुणवाढीचा मंत्र म्हणून सांगत असेल तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. आमच्या घरात ते टिकलं ते वेगळ्या कारणाने. घरी शिकवताना अभ्यास सुरूही होत नाही आणि संपतही नाही. सकाळी पाहुणे आले म्हणून राहिलेलं गणित रात्री जेवणानंतर, आणि रविवारी देवळात जायच्या आधी "तेवढं एक पान". अशाने मुलाला शाळाही मिळत नाही आणि सुट्टीही मिळत नाही. तारीख लिहून ठेवलेली सुट्टी या चघळण्याला आळा घालते.

आमच्या सासूबाईंनी पहिल्या वर्षीच विचारलं होतं, "पोरं शाळेलाच जाईनात म्हटल्यावर सुट्टी कशापासनं घेत्यात गं?" त्यांना चेष्टा करायची होती, पण प्रश्न नेमका होता. सुट्टी हवी तर अभ्यासालाही कडा हव्यात. साडेनऊला बसायचं, साडेबाराला उठायचं, जेवणानंतर एक तास वाचन. एकूण चार तास. गल्लीतली मुलं शाळेतून परत येतात तेव्हा आमची पाटी पुसलेली असते, कारण त्यानंतरचा वेळ खेळाचा आणि तो मोडायचा अधिकार मलाही नाही.

सासूबाईंना पटलं ते मात्र अमेरिकेच्या दाखल्याने नाही. त्यांच्या माहेरी वैदिकांचं घर होतं, त्यामुळे अनध्याय हा शब्द त्यांना ठाऊक होता. जुन्या पाठशाळांत अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या, पौर्णिमा हे न शिकायचे दिवस. म्हणजे दर पंधरवड्याला ठरलेली सुट्टी, गुरुजींच्या मर्जीवर नाही, चंद्रावर. वर्षाचीही आखणी होती. श्रावणात उपाकर्म, ज्याला आपण श्रावणी म्हणतो, ते अध्ययनाच्या सत्राची सुरुवात. साडेचार महिन्यांनी पौषाच्या सुमाराला उत्सर्जन, म्हणजे समाप्ती. मेघगर्जना झाली, विजा कडाडल्या, धुळीचं वादळ उठलं तरी अनध्याय. ती शाळा मोजक्या घरांतल्या मोजक्या मुलग्यांपुरती होती आणि तिचं गुणगान मला करायचं नाही. पण न शिकण्याचे दिवस आधी ठरवावेत आणि ते पाळणं हाही शिस्तीचाच भाग मानावा, एवढं तिच्याकडून घेण्यासारखं आहे. खंडेनवमीला पुस्तकं पूजेला लावली की दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हे तर आपण सगळ्यांनीच आनंदाने पाळलेलं असतं. मेघगर्जनेचा नियम आमच्या मुलांना फार आवडला. जुलैत नंदगडला तो लावला तर महिनाभर पुस्तक उघडायलाच नको.

आता प्रत्यक्ष आखणी. दिनदर्शिका घेऊन मी आधी सुट्ट्यांना लाल खुणा करते आणि मग उरलेल्या आठवड्यांना अभ्यास वाटून देते. हा क्रम उलटा केला की सुट्ट्या आक्रसतात, कारण धडे कधीच संपत नाहीत.

यंदा अधिक ज्येष्ठ आला आहे, त्यामुळे पुढचे सगळे सण लांबले. 2025 ची गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती, 2026 ची 14 सप्टेंबरला. अडीच आठवड्यांहून जास्त फरक. सहा-एकचा पक्का साचा घेऊन बसलेल्या माणसाची इथेच पंचाईत होते. साच्याप्रमाणे सुट्टी 31 ऑगस्टला येते, मग एक आठवडा अभ्यास आणि लगेच गणपती. अमेरिकेतल्या सुनेला हा त्रास नाही, तिचे सगळे सण तारखेचे. आपल्याला साचा वाकवावाच लागतो.

1 जूनला सोमवार आहे. तिथून सहा आठवडे सलग अभ्यास. इथल्या शाळाही त्याच सुमाराला उघडलेल्या असतात, पेरणीची धांदल संपत आलेली असते आणि पाऊस लागला की घरात बसायला कुणाची तक्रार नसते. पहिली सुट्टी 13 जुलैचा आठवडा. हा मुद्दाम. तेव्हा रोप लावणी जोरात असते आणि घरातलं प्रत्येक माणूस शेतात किंवा शेतात न्यायच्या भाकऱ्यांत गुंतलेलं असतं. अशा दिवसांत मी पुस्तक घेऊन बसले तर ना शिकवणं होतं ना भाकऱ्या. मुलं बांधावर असतात, चिखलात लोळतात, खेकडे शोधतात. पाऊस वाढला की तालुक्यातल्या शाळांनाही अधूनमधून सुट्टी जाहीर होते, मग गल्लीतली फौजही सामील होते. शाळांच्या वर्षभराच्या सुट्ट्या पाहिल्या तर लावणी आणि सुगी ही दोन्ही मोठी कामं भर शाळेच्या दिवसांत येतात, याची मला नेहमी गंमत वाटते. भाताच्या मुलखातल्या मुलांनी भात पाहावं अशी सोय कुठल्याच कॅलेंडरात नाही.

मग 20 जुलैपासून चार आठवडे. 17 ऑगस्टला नागपंचमी, तो आठवडा मोकळा. आमच्या भागात पंचमी मोठी, माहेरवाशिणी येतात, झोके बांधतात. त्यानंतर तीनच आठवडे अभ्यास आणि 14 सप्टेंबरपासून गणपतीचे दोन आठवडे. अनंत चतुर्दशी 25 ला. गोव्याची मंडळी यातल्याच पहिल्या आठवड्यात येतात.

28 सप्टेंबरपासून तीन आठवडे, 19 ऑक्टोबरचा आठवडा दसऱ्याचा. पण इथल्या शाळांना त्या वेळी दोन-अडीच आठवडे सुट्टी असते आणि गल्लीत दिवसभर क्रिकेट चालू असतं. खिडकीबाहेर चेंडूचा आवाज येत असताना अकरा वर्षांच्या मुलाला अपूर्णांक शिकवून पाहा, मग मला सांगा. त्यामुळे एक आठवडा पूर्ण मोकळा आणि आजूबाजूच्या दिवसांत सकाळी लवकर दोन तास, बास. पुढे दोन आठवडे नीट अभ्यास आणि दिवाळी. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, सुट्टी 9 पासूनचा आठवडा. पुण्याची भाचरं या वेळी मोकळी असतात. नंदगडची शाळेत जाणारी मुलं त्या आठवड्यात आतेभावंडांना दोन दिवस भेटतात, आमची आठवडाभर. घरशाळेचा एवढा रोकडा फायदा मला दुसऱ्या कशात दिसलेला नाही.

जूनपासून दिवाळीपर्यंतचा हा अर्धा भाग तुकड्यातुकड्यांचा आहे हे तुमच्या लक्षात आलं असेल. सहा, चार, तीन, तीन, दोन. पूर्वी मला वाटायचं हे कसलं वेळापत्रक. आता वाटतं हेच आपलं. या भागात मी मोठे धडे लावतच नाही. भाषा, पाढे, गोष्टी, चित्रं, परिसर. तुटलं तरी चालेल असं. मोठे, सलग लागणारे विषय, म्हणजे मोठ्याची भूमिती आणि अपूर्णांक, धाकटीचा गुणाकार-भागाकार, हे सगळं दिवाळीनंतर. कारण दिवाळी ते पाडवा हे दिवस सपाट असतात. तिथे अमेरिकेचा सहा-एक जसाच्या तसा बसतो: 16 नोव्हेंबरपासून सहा आठवडे, 28 डिसेंबरचा आठवडा मोकळा. मग 4 जानेवारीपासून सहा, 15 फेब्रुवारीचा मोकळा. 22 फेब्रुवारीपासून पुन्हा सहा आणि 5 एप्रिलचा मोकळा, ज्यात 7 एप्रिलला गुढीपाडवा येतो.

यात एक फट आहे, सुगीची. भात कधी कापायचं ते भात, पाऊस आणि मजूर मिळून ठरवतात. म्हणून डिसेंबरअखेरचा तो आठवडा मी पेन्सिलने लिहिला आहे. कापणी-मळणी जेव्हा येईल तेव्हा तो तिकडे सरकवायचा आणि डिसेंबरअखेर अभ्यास करायचा. शहरात राहणाऱ्यांनी या जागी घरातलं लग्न, बाळंतपण, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन असं काहीही धरावं. प्रत्येक घरात तारीख नसलेली एक सुगी असते.

सहा आठवड्यांतल्या सहाव्यात मी नवीन काही शिकवत नाही. पाच आठवड्यांत जे झालं ते परत, उलटसुलट, कधी आजीला शिकवून दाखवायचं. त्यामुळे सातव्या आठवड्यात शिरताना काही अर्धवट राहिलेलं नसतं. अर्धवट राहिलेलं गणित सुट्टीत आईच्या डोक्यात फिरत राहतं आणि ते मुलांना लगेच कळतं.

सातव्या आठवड्यात काय करायचं यावर माझं मत जरा कडक आहे. काहीही करायचं नाही. म्हणजे करायचं ते करा, पण शिकवण्यासाठी नको. हलशी आमच्यापासून जवळ आहे, गोव्याच्या कदंबांच्या काळातलं बाराव्या शतकातलं भूवराह नरसिंहाचं मंदिर तिथे आहे. आम्ही जातो, डबा खातो, परत येतो. त्यावर दहा ओळी लिहून काढ म्हटलं की सहल गेली आणि गृहपाठ आला. मोठ्याने परत आल्यावर आपणहून विचारलं की वराहाचं आणि नरसिंहाचं देऊळ एकत्र का, तर उत्तर शोधायला मी तयार असते. नाही विचारलं तर त्याची मर्जी.

आणि तो आठवडा माझाही असतो. हे मी ठासून लिहिते, कारण घरशाळेच्या गप्पांत मुलांच्या सुट्टीवर पानं भरतात आणि शिकवणाऱ्या बाईच्या सुट्टीवर ओळही नसते. बहुतेक घरांत शिकवणारी आईच असते आणि तिच्यामागचा स्वयंपाक, धुणं, म्हाताऱ्यांची पथ्यं काही कमी झालेली नसतात. माझं माहेर निपाणी. फेब्रुवारीच्या सुट्टीत मी मुलांना घेऊन तिथे जाते आणि चार दिवस ती मामाच्या ताब्यात असतात. मामा त्यांना काय खायला घालतो, किती वाजता झोपवतो, मी विचारत नाही. नवऱ्यालाही सांगून ठेवलं आहे की वर्षाचं वेळापत्रक दोघांनी सही केल्याशिवाय भिंतीवर लागणार नाही. त्याच्या वाट्याला शनिवारची सकाळ आणि वर्षभराचं कन्नड आहे.

कन्नडचं वेगळं सांगायला हवं. इथे राहायचं तर तहसील कार्यालयात, बसस्टँडवर, बँकेत कन्नड लागतं आणि मुलांना ते सहज यायला हवं. त्याला मी सुट्टीच ठेवलेली नाही, कारण ते वहीत नाहीच. 26 जानेवारीला नंदगडला प्रजासत्ताक दिन असतो आणि त्याच दिवशी संगोळ्ळी रायण्णाचा हुतात्मा दिन. 1831 साली याच तारखेला, याच गावात, कित्तूरच्या या वीराला इंग्रजांनी फाशी दिलं. त्याची समाधी इथेच आहे. त्याच्यावरची कन्नड गी-गी पदं लागली की मुलं ठेक्यावर शब्द उचलतात आणि घरी येऊन बाबांना अर्थ विचारतात. तो दिवस माझ्या कागदावर सुट्टी म्हणून लिहिला आहे.

आता दिवसांचा हिशेब. वर नोंदवलेल्या आठवड्यांत 12 एप्रिलपासूनचे तीन मिळवा, म्हणजे एप्रिलअखेर एकूण 39 आठवडे अभ्यास होतो. आठवड्याचे पाच दिवस धरले तर 195. सुट्टीचे आठवडे तेरा, त्यांतले चार मे महिन्याचे. शिक्षण हक्क कायदा, जो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, त्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास सांगितले आहेत. हे बंधन शाळांवर आहे. घरशाळेबद्दल हा कायदा काही बोलतच नाही. पण मापाला काहीतरी हवं म्हणून मी तो आकडा समोर ठेवते. धाकटीचे रोजचे चार तास धरले तर 780 होतात, म्हणजे पाच दिवस कमी. मोठा सहावीच्या वयाचा, त्याला खूपच कमी पडतात. त्याच्यासाठी दिवाळीनंतर रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर एक तास वाढवला आहे. तरी हजार होत नाहीत आणि मी ते ओढूनताणून करणार नाही. पन्नास मुलांच्या वर्गातला तास आणि दोन मुलांच्या चटईवरचा तास एका तराजूत तोलता येत नाही.

मे पूर्ण मोकळा का, बारमाही म्हणता ना, असं तुम्ही विचाराल. एक कारण वर सांगितलंच, भावंडं. दुसरं कारण मोठ्याचं. पुढच्या जूनला तो शाळेत जाईन म्हणू शकतो. गेले दोन महिने त्याचं तसं चाललं आहे. मित्र सगळे एकत्र हायस्कूलला जाणार, त्यांच्यात जायचं त्याच्या मनात आहे. वयानुसार वर्गात प्रवेश मिळण्याची तरतूद त्याच शिक्षण हक्क कायद्यात आहे, पण त्याला वर्गात बसल्यावर परकं वाटू नये म्हणून त्याचे पाठ्यपुस्तकाचे धडे एप्रिलअखेर पूर्ण व्हायला हवेत. बारमाही अभ्यासात धडे ऑगस्टपर्यंत रेंगाळले तरी चालतात, असं पुष्कळ घरांत मानतात. मला ते धोक्याचं वाटतं. घराचं दार शाळेच्या बाजूने उघडं राहिलं पाहिजे आणि ते उघडायचं की नाही हे ठरवताना मुलाला "अजून माझे चार धडे राहिलेत" अशी अडचण नसावी.

तो घरीच राहिला तर पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. तिची दहावीची परीक्षा चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, मराठी माध्यमातूनही देता येते. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. दुसरा हंगाम निवडलात तर दसरा-दिवाळी परीक्षेत जाईल, हे वेळापत्रक आखताना आधीच पाहा. मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण मला बरेच जण पाठवतात. सातवीच्या सुमाराला शाळा सोडून घरी शिकली, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये पदकं मिळवली आणि 2016 साली अमेरिकेत एमआयटीत गेली. कौतुकच आहे. पण माझ्या मुलाला गल्लीतल्या मित्रांबरोबर सायकलने हायस्कूलला जायचं आहे, त्याला त्या उदाहरणाचा काय उपयोग?

धाकटीच्या पाच दिवसांचं काय करायचं ते परवा ठरलं. तिनेच दिनदर्शिका पुढे ओढली आणि पाच शनिवार शोधले, सगळे जुलै-ऑगस्टमधले. पावसात बाहेर जाता येत नाही, तेव्हा बसू, म्हणाली. बाबाची सही झाली आहे. माझी राहिली आहे, कारण त्यातला एक शनिवार मी लोणच्याच्या बरण्या उन्हात घालायला ठेवला होता आणि जुलैत इथे ऊन पडतं असं मी कशाच्या जोरावर धरलं, ते ती मला विचारते आहे.